सीईटीची पुस्तकं आणि अप्पा बळवंत चौक: दुकानाला चार, पुस्तकांना अडीच

भाची यंदा बारावीला आहे, बार्शीला, ग्रुप पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, आणि तिला सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगची राज्याची प्रवेश परीक्षा, द्यायचीय. तिकडे पुस्तकं मिळत नाहीत असं नाही पण दुकानदार जो एक सेट ठेवतो तोच घ्यावा लागतो, म्हणून ताईने मला सांगितलं की तू पुण्यातच आहेस तर एबीसीतून, म्हणजे पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकातून, नीट बघून घे आणि पाठव. मी बीएस्सी फिजिक्स, पुढे सगळी नोकरी बँकेत, त्यामुळे पुस्तक उघडून थोडंफार कळतं एवढीच माझी लायकी. तर हा रिव्ह्यू दुकानाचाही आहे आणि तिथे जे विकतात त्या सीईटीच्या गाइडांचाही, कारण दोन्ही वेगळं करता येत नाही.

आधी दुकान. चौकातलं जुनं, लाकडी काउंटरवालं, मागे छतापर्यंत पुस्तकं आणि वर चढायला शिडी. गाडी नेऊ नका, खरंच नेऊ नका, पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात मंडई मेट्रो स्टेशनवरून चालत आरामात पोचता येतं. जून-जुलैत तर काउंटरला तीन-तीन रांगा आणि प्रत्येक जण हात लांब करून यादी पुढे करतोय. तुम्ही "सीईटी पीसीएम" म्हणालात की समोरचा पोरगा न विचारता तीन जाड ठोकळे धप्पकन काउंटरवर आपटतो आणि पुढच्याकडे वळतो. म्हटलं, दादा बघू तर द्या. तर म्हणे "मॅडम सगळे हेच नेतात". आता सगळे हेच नेतात हे खरंही असेल पण सगळे काय नेतात ते बघायला मी लकडी पुलावरून आले नव्हते.

पण एक सांगते, गर्दीची वेळ टाळून दुपारी दोन-अडीचला गेलात तर हेच लोक एकदम वेगळे वागतात. आतल्या काकांनी स्टूल दिलं, चार वेगवेगळ्या प्रकाशनांची पुस्तकं काढून दिली आणि "बसा, निवांत बघा" म्हणाले. सूट छापील किमतीवर १५ टक्के, सेट घेतला तर थोडी अजून, घासाघीस करायची गरज पडली नाही. म्हणून दुकानाला चार.

आता पुस्तकं. इथे मात्र डोळे उघडे ठेवा कारण सीईटीच्या नावाखाली काहीही विकलं जातंय.

पहिली गोष्ट अनुक्रमणिका. स्टेट बोर्डाची बारावीची पुस्तकं २०२०-२१ ला बदलली, अकरावीची त्याच्या आदल्या वर्षी. तरीही जुन्या सिलॅबसची गाइडं अजून बाजारात फिरतायत, खासकरून सेकंडहँडमध्ये, आणि कव्हरवर कोणी नवीन वर्षाचा स्टिकर मारलेला असला तर कळतही नाही. फिजिक्सची अनुक्रमणिका उघडा. बारावीच्या भागात इलॅस्टिसिटी, सरफेस टेन्शन अशी वेगवेगळी प्रकरणं आणि शेवटी कम्युनिकेशन सिस्टीम्स दिसलं की ते जुनं, ठेवून द्या. नव्यात थर्मोडायनॅमिक्स आणि एसी सर्किट्स स्वतंत्र प्रकरणं आहेत आणि ग्रॅव्हिटेशन अकरावीत गेलंय. केमिस्ट्रीत शेवटचं प्रकरण ग्रीन केमिस्ट्री अँड नॅनोकेमिस्ट्री असेल तर नवीन. एवढं बघायला अर्धा मिनिट पुरतो, आणि हे न बघता पुस्तक घेतलं तर पोरगी जानेवारीत म्हणणार की मावशी हा धडाच आम्हाला नाहीये.

अकरावीचं पण तसंच. सीईटीला अकरावीचा वाटा साधारण २० टक्के आणि बारावीचा ८०, आणि अकरावीची सगळी प्रकरणं नसतात, ठरावीकच असतात. मॅथ्सला स्ट्रेट लाइन, सर्कल, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, लिमिट्स वगैरे. काही गाइडांनी अकरावीची झाडून सगळी प्रकरणं घालून पुस्तक फुगवलंय आणि किंमतही. जाड पुस्तक बघून आईबापांना बरं वाटतं हे प्रकाशकांना चांगलं ठाऊक आहे!

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, सोल्युशन. प्रश्न किती आहेत हे कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, उत्तरं कशी दिलीत ते कोणी लिहीत नाही. मी प्रत्येक पुस्तकात रोटेशनल डायनॅमिक्स उघडून एकच नेहमीचा प्रश्न शोधला, तो सगळ्यांत असतोच: भरीव गोळा न घसरता घरंगळतोय, तर त्याच्या एकूण कायनेटिक एनर्जीत फिरण्याचा वाटा किती. उत्तर २/७. एका पुस्तकात चक्क २/५ छापलेलं. २/५ कुठून आलं तेही दिसतं, फिरण्याची एनर्जी भागिले पुढे जाण्याची एनर्जी केली की २/५ येतं, म्हणजे सोडवणाऱ्याने प्रश्नातलं "एकूण" वाचलंच नाही. आणि गंमत म्हणजे पर्यायांत दोन्ही होते, म्हणजे प्रश्न काढणाऱ्याने मुलं इथे फसतील म्हणून तो पर्याय ठेवला आणि फसला कोण तर गाइडवाला. दुसऱ्या एका पुस्तकात उत्तर बरोबर पण हिंट म्हणून नुसतं सूत्र लिहून सोडून दिलेलं. ज्याला ते सूत्र कुठे लावायचं हे कळतं त्याला हिंट लागत नाही आणि ज्याला कळत नाही त्याला त्या हिंटचा उपयोग नाही. तिसऱ्यात मात्र तीन ओळीत सरळ करून दाखवलेलं, शेजारी छोट्या चौकटीत "डिस्कसाठी हेच १/३" असंही दिलेलं. मी ते घेतलं. दिसायला सगळ्यात साधं, कागद पिवळट, पण ज्याने लिहिलंय त्याने वर्गात शिकवलंय हे कळत होतं.

तुम्हाला स्वतःला फिजिक्स येत नसेल तर पोराला सोबत न्या आणि त्याला नुकताच झालेला धडा उघडायला लावा. मुलं बरोबर सांगतात, त्यांना विचारत कोणी नाही.

आता थोडं पेपरबद्दल, कारण त्याशिवाय पुस्तक निवडता येत नाही. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं, एकेक मार्काचे. मॅथ्सचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, दोन-दोन मार्कांचे. म्हणजे २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे. पहिल्या पेपरात एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात, मॅथ्सला पावणेदोन मिनिटांच्या थोडं वर. निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे बजेट कमी असेल तर पैसे मॅथ्सच्या पुस्तकावर घाला, केमिस्ट्रीला बालभारतीचं पाठ्यपुस्तकच इतकं कामाला येतं की मी तर म्हणेन आधी ते ओळ न ओळ वाचा आणि मगच गाइडला हात लावा. पाठ्यपुस्तक ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतं, तरी छापील घ्याच, मोबाइलवर पीडीएफ उघडली की पोरं पाचव्या मिनिटाला रील्सवर असतात.

काउंटरवर अजून एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "जेईईचंच घ्या ना, त्यात सीईटी होऊन जाते". जेईई म्हणजे इंजिनिअरिंगचीच देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. माझ्या शेजारी एक गृहस्थ, बहुतेक चाकणकडचे, मुलीसाठी तसलाच जेईईचा भलामोठा सेट घेत होते आणि मुलगी हळूच म्हणत होती पप्पा मी जेईई देतच नाहीये. जेईई मेनला तीन तासांत ७५ प्रश्न, एकेकाला जवळजवळ अडीच मिनिटं, आणि चुकलं की मार्क कापतात. तिथे एक गणित धरून बसायची सवय लागते आणि सीईटीत तीच सवय नडते. जेईईचा अभ्यास करणाऱ्याची सीईटी चांगली जाते हे खरंच आहे, पण नुसती जेईईची पुस्तकं विकत घेणाऱ्याची जात नाही ना! मी मध्ये बोलले नाही, आपलं कोण ऐकतंय.

मागच्या वर्षांच्या पेपरांचं पुस्तक वेगळं घ्यायचं असेल तर जपून. परीक्षा २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते आणि बऱ्याच शिफ्टमध्ये होते, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, म्हणून तर मार्कांऐवजी पर्सेंटाइल देतात, म्हणजे शंभरातली किती मुलं तुमच्या मागे आहेत ते. त्यामुळे "२०२३ चा पेपर" असं नुसतं लिहिलेलं असेल तर कुठली तारीख कुठली शिफ्ट ते विचारा. ज्या पुस्तकात तारीख आणि शिफ्ट छापलीय ते घ्या, बाकीच्यात इकडचे तिकडचे प्रश्न गोळा केलेले असतात. आणि पेपर सोडवताना स्क्रीनवर सोडवायची सवय हवी, परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर मॉक टेस्ट असते ती आधी करायला लावा.

सेकंडहँडचं सांगायचं राहिलं. समोरच्या बाजूला जुन्या पुस्तकांवाले आहेत, निम्म्या किमतीत देतात आणि वापरून परत आणलं तर काहीतरी परतही देतात. नवीन सिलॅबसचं असेल तर बिनधास्त घ्या. मी केमिस्ट्रीचं तिथूनच घेतलं. आधीच्या मालकाने, का मालकिणीने, पहिल्या तीन प्रकरणांत पेन्सिलने बरोबर-चूकच्या खुणा केल्यात, चौथ्यात निम्म्या पानापर्यंत, आणि पुढे पुस्तक कोरं करकरीत. भाचीला फोटो पाठवला तर ती म्हणाली मावशी हा माझाच भाऊ शोभतो. क्लासचे जुने मॉड्यूल पण तिथे ढिगाने मिळतात, ते मात्र घेऊ नका, उत्तरं पेनने ठोकलेली असतात आणि सोल्युशनचं पुस्तक सोबत नसतंच.

अडीच का दिले तर बाइंडिंग. नवीन घेतलेल्या मॅथ्सच्या पुस्तकात इंटिग्रेशनचा एक फॉर्मा, म्हणजे एकत्र बांधलेल्या पानांचा गठ्ठा, दोनदा लागलेला आणि डिफरन्शियल इक्वेशन्सची सुरुवातच गायब. पाठवायच्या आधी सहज चाळलं म्हणून सापडलं. दुकानात परत नेलं, बिल दाखवलं, काकांनी एक शब्द न बोलता बदलून दिलं, आणि बदललेलं पुस्तक स्वतः पानं मोजून दिलं. म्हणाले, "या लॉटचं आजचं हे तिसरं." प्रकाशकाला कळवलंय म्हणाले, बघू. तोवर तुम्ही मॅथ्सचं घेतलंत तर काउंटरवरच सगळे फॉर्मे चाळा, पानांचे नंबर सलग आहेत का बघा, आणि बिल मागून घ्या, गर्दीत ते आपणहून देत नाहीत.