स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने : पोट भरल्याची खूण ओळखताना

मागील नोव्हेंबरमध्ये नागपुरात वजन कमी करण्यासाठी माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेले जठर केळ्याएवढ्या अरुंद नळीसारखे राहते. किती किलो उतरले, हे मला सगळेच विचारतात. जेवता कसे, हे फारसे कोणी विचारत नाही, आणि मला सर्वांत जास्त शिकावे लागले ते तेच.

सुटी होताना मिळालेल्या आहारपत्रकात ‘पोट भरल्यासारखे वाटताच थांबा’ असे एकच वाक्य होते. ते मला तेव्हाही अपुरे वाटले आणि आजही वाटते. पोट तट्ट होणे आणि ढेकर येणे म्हणजे पोट भरणे, असे ४४ वर्षे मानत आलेल्या बाईला नवी खूण कुठे शोधायची, हे कोणीतरी सांगायला हवे होते.

पहिले दोन आठवडे ताक, गाळलेले वरणाचे पाणी आणि प्रथिनांची पावडर, त्यानंतर घोटलेली खिचडी, असे दिवस फारसा विचार न करता गेले. भूक नव्हतीच, कारण भुकेची जाणीव करून देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि तोच भाग काढलेला असतो.

खरा धडा फेब्रुवारीत मिळाला. शाळेत जाण्याच्या घाईत मी तर्री-पोहे खाल्ले. चौथ्या घासानंतर उचकी आली, तिच्याकडे दुर्लक्ष करून आणखी तीन घास घेतले, आणि छातीच्या मधल्या हाडाखाली असा दाब आला की बसवेना. तोंडात सारखी लाळ येऊ लागली आणि शेवटी सगळे उलटून पडले. आहारतज्ज्ञांनी नंतर समजावले की नीट न चावलेला घास त्या अरुंद नळीत अडून राहतो, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला सुमारे २० मिनिटे लागतात; मी तर पाच मिनिटांत उठण्याच्या तयारीत होते.

तेव्हापासून मी खुणांकडे लक्ष देऊ लागले. कोणाला शिंक येते, कोणाला उचकी लागते, कोणाचे नाक वाहते. नाकाची खूण आपल्याकडे फसवी आहे, कारण सावजी रस्सा किंवा पाटवडीची तर्री खाताना नाक कोणाचेही वाहते, आणि त्यामुळे तिखट जेवणाच्या दिवशी मी तिच्यावर विसंबत नाही. माझी खात्रीची खूण म्हणजे जेवता जेवता आपोआप सुटणारा एक दीर्घ श्वास. तो इतका हळू येतो की बोलण्याच्या किंवा टीव्हीच्या नादात सहज निसटतो, म्हणून मी आता जेवताना टीव्ही लावत नाही. तो श्वास आला की पुढचा घास घेत नाही. दाब जाणवेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर झालेला असतो.

सर्वांत अवघड गेले ते ताटात अन्न टाकणे. ‘पानात टाकू नये’ हे लहानपणापासून अंगात मुरलेले, त्यात सासूबाईंचा प्रेमाचा आग्रह : “घे ना अजून, एवढ्यानं काय होते?” मी त्यांना शेजारी बसवून सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनीच माझ्यासाठी एक लहान वाटी वेगळी काढली, आणि या नऊ महिन्यांत मला सर्वांत मोठी मदत झाली ती त्या वाटीची. आता अर्धी वाटी घट्ट वरण किंवा एक अंडे आधी, मग दोन चमचे भाजी, आणि जागा उरली तर अर्धी पोळी, असा क्रम आहे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत आणि पोळीने सुरुवात केली तर ती पूर्ण होत नाहीत.

मे महिन्याने कसोटी पाहिली. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी पिता येत नाही, एका दमात पेलाभर तर कधीच नाही, आणि बाहेर पारा ४४-४५ अंशांवर. मी बाटली सोबत ठेवून दर काही मिनिटांनी एकेक घोट घेत राहिले, तरी दोन दिवस चक्कर आली. ज्यांना जमेल त्यांनी ही सवय उन्हाळ्याआधीच लावून घ्यावी.

सहाव्या महिन्यात थोडी भूक परतली तेव्हा मी घाबरले होते, पण हे अपेक्षित असते असे कळले. मात्र चिवडा, बिस्किटे, संत्रा बर्फी हे पदार्थ अजिबात न अडता खाली उतरतात आणि दीर्घ श्वासाची खूण येतच नाही. तिथे मोजूनच घ्यावे लागते. थकून घरी आल्यावरची माझी भूक पोटाची नसते, हेही ओळखायला मला बराच काळ लागला, आणि आजही आठवड्यातून एखाद्या दिवशी चुकते. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र चुकवत नाही, आणि पुढची रक्ततपासणी याच महिन्यात आहे.