बेंड शिकायचा कसा : टॅब बघून की कानाने?

बेंड म्हणजे गिटारची दाबलेली तार बाजूला ढकलून सूर चढवणं. टॅब म्हणजे कोणती तार कोणत्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या कोणत्या पट्टीशी, दाबायची हे आकड्यांनी लिहिलेला कागद. समजा, टॅबमध्ये तिसऱ्या तारेवर '७', त्याच्यापासून वर वळलेला बाण आणि बाणाच्या टोकाशी 'फुल'. म्हणजे सातव्या फ्रेटवर तार छेडायची आणि ढकलत नवव्या फ्रेटच्या सुरापर्यंत न्यायची. 'हाफ' लिहिलं असेल तर आठव्यापर्यंतच. नवशिक्याला ही मोठी सोय, जागा शोधत बसावं लागत नाही. प्री-बेंड, म्हणजे तार आधीच ताणून मग छेडायची, हे नुसतं ऐकून पटकन कळत नाही. टॅबमधला उभा बाण ते लगेच सांगतो.

पण बाणातून चाल कळत नाही. तार झटक्यात चढवायची की रेंगाळत, वर पोचल्यावर किती थरथरवायची, हे ऐकूनच उचलावं लागतं. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग डावखुरा होता. त्याच्या गिटारवर बारीक तारा वरच्या बाजूला असायच्या, त्यामुळे तो तार खाली ओढायचा. कागदावर मात्र त्याचा बेंड इतर कोणाच्याही बेंडसारखाच! ब्लूजमधला '१/४' बेंड, म्हणजे 'हाफ'च्याही निम्मा, तर आकड्यात मावतच नाही. आपल्याकडे सतारीची मींड गुरूसमोर बसून कानानेच घेतात, ते उगाच नाही.

माझं मत कानाच्या बाजूने. टॅब फक्त जागेपुरता. आधी नववा फ्रेट साधा वाजवून सूर डोक्यात बसवा, मग सातव्यावरून तिथे पोचा. अनामिकेने ढकलताना मागे मधलं बोट आणि तर्जनीही तारेला लावा, जोर मनगटातून येऊ द्या. तरी सूर कमीच पडत असेल तर दहाऐवजी नऊ गेजच्या, म्हणजे जरा बारीक, तारा लावून बघा.