टेली-मानस १४४१६ : रस्त्यावरच्या मनोरुग्णासाठी किती उपयोगी?

सल्ला हवा असेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन सेवा चांगली आहे. पण नाशिकच्या रामकुंडावर चिंध्या पांघरून स्वतःशी बोलत बसलेल्या माणसाला कुणीतरी दवाखान्यात न्यावं म्हणून फोन करत असाल, तर हा नंबर त्यासाठी नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ती चोवीस तास, मोफत चालते; मराठीतही बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडल्यास तज्ज्ञाला जोडून देतात. झोप उडाली, भीती वाटते, घरातला रुग्ण गोळ्या घेत नाही, अशा वेळी जरूर फोन करा. गाडी पाठवणं हे मात्र तिचं काम नाही.

त्यासाठी ११२, म्हणजे पोलिसांना बोलावण्याचा आपत्कालीन नंबर. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम १०० पोलिसांवर स्पष्ट जबाबदारी टाकतं: अशा निराधार व्यक्तीला संरक्षणात घ्यायचं, लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला न्यायचं. कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर मिसिंगची एफआयआर नोंदवून घरच्यांचा शोधही घ्यायचा. गाडं बहुतेक वेळा इथेच अडतं, म्हणून पोलिसांशी बोलताना कलमाचा आकडा सांगाच. ताप, डोक्याला मार, किंवा दारू अचानक सुटल्यावर दोन-तीन दिवसांनी येणारी थरथर आणि भास हेही वेडासारखंच दिसतं आणि जिवावर बेततं. तिथे आधी १०८ ची रुग्णवाहिका.

गाडी येईपर्यंत समोरून, थोडं अंतर राखून बोला. पाणी द्या. अन्नात गोळ्या मिसळू नका. धरून आंघोळ घालून, केस कापून व्हिडिओ काढणाऱ्यांचा तर संताप येतो. त्यात मदत कसली? आणि त्या माणसाचं बोचकं सोबत घ्या. त्यात नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्या असल्या तरी ते मागे राहिलं तर माणूस गाडीत बसत नाही. हातावर गोंदलेलं नाव नीट पाहा. लिपीवरून राज्याचा अंदाज येतो. नाशिकरोड स्टेशनवर उतरलेला माणूस कुठल्याही टोकाचा असू शकतो. गावाचं नाव आठवत नसेल तर बाजार कुठल्या वारी भरतो, जवळचं स्टेशन कोणतं, हे विचारा.

घर सापडल्यावर मात्र १४४१६ चा खरा उपयोग. गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून त्या बंद केल्या की आजार बहुधा उलटतो. घरच्यांना हे त्यांच्याच भाषेत समजावणारं कुणीतरी हवं. सेवेत वीस भाषा आहेत, तेव्हा माणूस परराज्यातला असला तरी निरोप देताना हा नंबर कागदावर लिहून घरच्यांच्या हातात द्या.