टेक्निक्स एसएल-१२०० एमके७: आर्म एक नंबर, गेज अर्धवट

चार महिने झाले घेऊन. डीजे लोकांचा टर्नटेबल म्हणून सगळे ओळखतात, मी घरी बसून नाट्यसंगीताचे जुने एलपी ऐकायला घेतलाय, हसायचं तर हसा. मोटर मस्तच आहे, त्यावर भरपूर लोकांनी लिहिलंय, मी फक्त आर्मबद्दल, म्हणजे रेकॉर्डवर सुई धरणाऱ्या दांड्याबद्दल बोलतो.

बॉक्समध्ये कार्ट्रिज, म्हणजे सुई असलेला भाग, येत नाही. ऑर्टोफोन २एम रेड घेतली आणि ज्या दुकानातून घेतली तिथेच ५०० रुपये देऊन लावून घेतली. घरी आल्यावर प्रत्येक साइडचं शेवटचं गाणं फाटायला लागलं, 'स' आला की नुसतं फस्स फस्स. पंधरा दिवस मी रेकॉर्डांना शिव्या घालतोय आणि मग भिंग लावून बघतो तर कार्ट्रिज हेडशेलमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकाला ती जिथे बसते तिथे, चक्क तिरकी!

सोबत सुई किती पुढे बसवायची ते दाखवणारं प्लास्टिकचं ओव्हरहँग गेज येतं, सुईचं टोक रेघेवर आणायचं, म्हणजे हेडशेलच्या रबरी वॉशरपासून ५२ मिमी. दोन मिनिटांचं काम, पण त्यातून नुसतं अंतर कळतं, कार्ट्रिज सरळ आहे का वाकडी ते नाही कळत. म्हणून प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिजचा कोन जुळवायचा रेघांचा कागद, प्रिंट केला. पहिला प्रिंट 'फिट टू पेज'मुळे बारका आला, पट्टी लावली नसती तर कळलंच नसतं. आणि प्रोट्रॅक्टर वेगवेगळ्या हिशोबांचे असतात, त्यातला स्टीव्हनसनवालाच घ्या, तो ५२ च्या आसपासच बसतो आणि आतल्या, म्हणजे साइडच्या शेवटच्या गाण्यांना जपतो. बेअरवाल्डवाला घेतला तर सुई रेघेच्या बरीच पुढे जाते, मग गेज आणि कागद दोन्ही धरून बसू नका. स्क्रू आवळताना कार्ट्रिज हमखास फिरते, मी तीनदा सैल केली, त्यात निळी वायर निसटली ती चिमट्याने परत बसवताना घाम फुटला राव.

आता उंची. इथे मात्र टेक्निक्सला मानलं. लॉक सोडायचा, आर्मच्या बुडाची रिंग फिरवायची, ० ते ६ मिमीच्या खुणा आहेत, पाना नाही की काही नाही. माझी अडीचच्या आसपास ठेवली की बाजूने बघताना आर्म रेकॉर्डला समांतर दिसतो. जाड रेकॉर्ड, पातळ रेकॉर्ड म्हणून दरवेळी फिरवत बसणाऱ्यांना नमस्कार, आर्म २३० मिमीचा आहे, सुईचा कोन एक अंशाने बदलायला आर्मचं बूड साधारण ४ मिमी वर-खाली करावं लागतं! उंची बदलली की सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन मात्र परत मोजा, रेडला १.८ ग्रॅम. आणि लॉक परत फिरवा, मी एकदा विसरलो तर सगळा आर्म बुडापासून डुगडुगत होता.

आता शेवटची गाणी साफ वाजतात. एक सोडून, ती रेकॉर्ड खरंच घासलेली निघाली.