"कार्ड दाखवायचं, ॲडमिट व्हायचं" असं एजंट म्हणाला, तर आधी हे वाचा

आरोग्य विमा घेताना मी एजंटला एकच गोष्ट विचारली होती. "आईला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडंच न्यायचं असतंय, तिथं चालंल का?" एजंट आमच्या गल्लीतलाच, लहानपणापासून घरी येणारा. चहा पीत म्हणाला, "भावा, कोल्हापुरात कुठंबी जा. कार्ड दाखवायचं, ॲडमिट व्हायचं. एक रुपाया भरायला लागणार न्हाई." फॉर्म त्यानंच मोबाईलवर भरला, मी ओटीपी सांगितला. मेलवर आलेली पॉलिसी तीन वर्षं उघडून पाहिली नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आईच्या पोटात असह्य दुखायला लागलं. पित्ताशयात खडे, ऑपरेशन करायचं ठरलं. राजारामपुरीतल्या दवाखान्यात टीपीए काउंटरवरच्या (विम्याचे क्लेम जिथं बघतात) मुलीनं यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि कार्ड परत दिलं. "दादा, तुमच्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे करार केलेल्या दवाखान्यांच्या यादीत, आम्ही नाही. आधी बिल भरा, मग क्लेम टाका." एजंटला फोन लावला. "भरून टाक, सगळं परत मिळतंय." बायकोच्या भिशीचे पैसे घेतले, पतसंस्थेतली ठेव मोडली आणि 1 लाख 24 हजार भरले.

परत आले 59 हजार 200.

पॉलिसी तीन लाखांची. रूमभाड्याची मर्यादा दिवसाला 1 टक्का, म्हणजे 3,000. आम्ही चार दिवस 6,000 च्या खोलीत होतो. मला वाटलं, भाड्यातले 12 हजार जातील. पण खोली दुप्पट भाड्याची म्हणून सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे 64 हजारसुद्धा निम्मेच धरले. औषधं-तपासण्यांचे 30 हजार पूर्ण मिळाले, हातमोजे वगैरेंचे 6 हजार उडाले. राहिले 74 हजार. त्यातूनही नेटवर्कबाहेरचा दवाखाना म्हणून 20 टक्के को-पे, म्हणजे आपण स्वतः सोसायचा वाटा, कापला. ही दोन्ही कलमं पॉलिसीत छापलेली आहेत. मी वाचली नाहीत ही माझी चूक, पण सरळ विचारल्यावर त्यानं खोटं सांगितलं, याला मी फसवणूकच म्हणतो. आणि ते सिद्ध करायला माझ्याकडं एक ओळसुद्धा नाही, सगळं तोंडी.

म्हणून एजंटचं बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. विमा घेण्याआधी तुमच्या दवाखान्याच्या टीपीए काउंटरवर जाऊन कंपनीचं नाव विचारा. दरवर्षी रिन्यू करतानाही विचारा, कारण यादी बदलते. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. जानेवारी 2024 पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' सुरू आहे. नेटवर्कबाहेरच्या दवाखान्यातही कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीनं थेट दवाखान्याला द्यावं असं, मागता येतं. ठरवून ॲडमिट होणार असाल तर 48 तास आधी, तातडीचं असेल तर ॲडमिट झाल्यापासून 48 तासांत कंपनीला कळवावं लागतं. कंपनीच्या अटींत बसलं तरच मिळतं, पण मागायला तरी येतं. त्या रात्री हे मला फोनवर सांगायला एजंटला किती वेळ लागला असता?

कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पाठवलंय. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडं जाणार. तिथं फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो.

ज्यांनी नुकतीच पॉलिसी घेतलीय, त्यांनी ती आजच उघडून रूमभाडं, को-पे आणि नेटवर्क हे तीन शब्द शोधा. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, थोडी कपात होऊन हप्ता परत मिळतो. त्याच एजंटकडून गेल्या महिन्यात पॉलिसी घेतलेल्या शेजारच्या काकूंसोबत बसून मी काल पॉलिसी परत करायचा अर्ज लिहिला.