घरबसल्या जाहिरातपत्रके पाठवून कमिशन मिळवण्याचा उद्योग : नऊ महिने आणि आठशे पाकिटांनंतरचा अनुभव

जून २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या नऊ महिन्यांत मी मुलुंड पूर्वेतील आमच्या घरातून जाहिरातपत्रकांची ८०० पाकिटे टपालाने रवाना केली. नोकरीची सगळी वर्षे हिशेब खात्यात गेल्यामुळे प्रत्येक तिकीट, प्रत्येक पाकीट आणि डिंकाची बाटलीसुद्धा वहीत लिहिण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, म्हणून पुढे जे लिहिते आहे ते आठवणीवर नव्हे तर त्या वहीवर आधारलेले आहे. ‘घरबसल्या फक्त पत्रके पाठवा, मालाची खरेदी नाही, साठा नाही, दर ऑर्डरमागे ४० टक्के कमिशन’ अशा स्वरूपाची जाहिरात वाचून जे या वाटेला जाण्याचा विचार करत आहेत, त्यांना हा हिशेब उपयोगी पडावा.

मी ज्या एजन्सीकडून सुरुवात केली ती परगावची होती. १,४९९ रुपये भरल्यावर कुरिअरने एक संच आला. त्यात २५० छापील पत्रके, माझा क्रमांक असलेला रबरी शिक्का, ३०० पत्त्यांची यादी आणि एक मार्गदर्शक पुस्तिका होती. काम असे होते की पत्रकाच्या खालच्या कुपनावर शिक्का मारायचा, पत्रक पाकिटात घालून यादीतील पत्त्यावर धाडायचे, ग्राहक ते कुपन भरून पैसे थेट एजन्सीला पाठवणार, एजन्सी त्याला माल पाठवणार आणि शिक्क्यावरच्या क्रमांकानुसार कमिशन माझ्या खात्यात जमा होणार. ऐकायला हे सरळ वाटते. परंतु ऑर्डर आली की नाही हे पाठवणाऱ्याला स्वतंत्रपणे कळण्याचा कोणताही मार्ग या रचनेत नाही, एजन्सी सांगेल तेच खरे, ही गोष्ट पैसे भरण्यापूर्वी माझ्यासारख्या जन्मभर ताळेबंद जुळवणाऱ्या बाईच्याही लक्षात आली नाही.

पहिला २५० पाकिटांचा गठ्ठा मी २६ जूनला टपालात टाकला. पाऊस मुंबईत आदल्याच दिवशी दाखल झाला होता आणि डायनिंग टेबलावर रचून ठेवलेल्या पाकिटांपैकी काहींच्या डिंक लावलेल्या कडा दमट हवेने आपोआप चिकटून बसल्या होत्या. ती वाफेवर धरून उघडावी लागली. (पावसाळ्यात हे काम करायचे असेल तर पाकिटे झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि शिक्का मारलेली पत्रके पंख्याखाली पुरती वाळू द्यावीत.) वीस ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला पाच रुपयांचे तिकीट लागते, म्हणजे तिकिटांचे १,२५० रुपये आणि पाकिटांचे १५० रुपये झाले. मुलाने विचारले, ‘आई, एवढ्या पैशांत तू स्वतः गाडीने फिरून पत्रके वाटली असतीस ना?’ त्यावर मी तेव्हा रागावले होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या २५० पैकी ६१ पाकिटे परत आली. त्यांच्यावर पोस्टमनने लिहिलेले शेरे मी एकेक करून वाचले आणि यादीचा खरा दर्जा तिथेच कळला. परळ-लालबाग भागातील बरेच पत्ते अशा चाळींचे होते ज्या पुनर्विकासाला जाऊन पाडल्या गेल्या होत्या आणि जिथले भाडेकरू संक्रमण शिबिरांत किंवा कल्याण-बदलापूरकडे पांगले होते. काही पत्त्यांत खोली क्रमांक होता पण इमारतीचे नाव नव्हते. डोंबिवलीच्या सात पत्त्यांवर ४०० ने सुरू होणारे पिन छापलेले होते, वास्तविक डोंबिवली पूर्वेचा पिन ४२१२०१ आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी अधिकाऱ्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिनकोड आणला तो चुकीच्या गावी फिरणारी पत्रे थांबावीत म्हणूनच. पन्नास वर्षांनंतर विकत घेतलेल्या यादीत तोच चुकीचा असावा याची मला लाज वाटली, जरी यादी मी केलेली नव्हती.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी होती. यादीत नावांसोबत वय आणि मोबाइल क्रमांकही होते. माझे पाकीट मिळालेल्या गोरेगावच्या एका गृहस्थांनी पत्रकावरील एजन्सीच्या क्रमांकाऐवजी पाकिटाच्या मागे लिहिलेल्या माझ्या क्रमांकावर फोन करून अत्यंत शांत आवाजात विचारले, ‘बाई, माझा पत्ता आणि मी सांधेदुखीचा रुग्ण आहे ही माहिती तुम्हाला कोणी दिली?’ पत्रकात सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात होती. त्यांच्या आजाराची मला काहीही माहिती नव्हती, पण यादी कुठून आली हेही मला ठाऊक नव्हते, त्यामुळे मी क्षमा मागण्यापलीकडे काही बोलू शकले नाही. त्याच ऑगस्ट महिन्यात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाल्याची बातमी आली आणि मी ती यादी कपाटात बंद केली. त्यानंतर तिच्यातील एकाही पत्त्यावर पाकीट गेले नाही.

या पहिल्या हप्त्यातून एजन्सीच्या विवरणानुसार दोन ऑर्डर आल्या. २९९ रुपयांचे एक पुस्तक आणि ४५० रुपयांचे तेल, म्हणजे ७४९ रुपयांवर ४० टक्क्यांनी २९९ रुपये ६० पैसे कमिशन, त्यातून पाच टक्के कर वजा करून २८४ रुपये ६२ पैसे.

दुसऱ्या हप्त्यासाठी मी यादी स्वतः केली. सोसायटीतून इतरत्र राहायला गेलेले शेजारी, यजमानांचे जुने सहकारी, माझ्या माहेरकडची मंडळी असे २०० पत्ते जमवले. पत्रके नव्याने छापायची होती, आणि इथे पत्रकाच्या मागच्या बाजूविषयी सांगितले पाहिजे. पुढच्या बाजूला तेल आणि पुस्तके होती, तर मागच्या बाजूला याच संचाची जाहिरात होती आणि संच विकला गेल्यास ५० टक्के, म्हणजे सुमारे ७५० रुपये कमिशन मिळणार होते. पहिल्या वेळी मी ती तशीच पाठवली, हे कबूल करते. दुसऱ्या वेळी मात्र ओळखीच्या माणसांना पाठवायचे म्हटल्यावर हात अडखळला, आणि मी मुद्रकाला फक्त पुढची बाजू छापायला सांगितली. ५०० प्रतींचे ६०० रुपये झाले. एजन्सीच्या माणसाला हे फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘अहो मॅडम, मागची बाजूच तर खरी कमाई आहे!’ नऊ महिन्यांत एजन्सीकडून मला मिळालेली सर्वांत प्रामाणिक माहिती हीच. ज्या योजनेत मुख्य मिळकत माल खपण्यातून नव्हे तर पुढचा सभासद आत आणण्यातून होते, तिच्यासाठी आपल्याकडे १९७८ पासून बक्षीस चिठ्ठी आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा आहे, आणि २०२१ च्या थेट विक्रीविषयक नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. अमेरिकेत, जिथे टपालातून कमिशनची पत्रके पाठवण्याचा हा उद्योग फार जुना आहे, तिथेही पाकिटे भरण्याच्या घरगुती कामाच्या नावाखाली चालणाऱ्या योजनांविषयी तिथला फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणारा सरकारी आयोग, लोकांना सावध करत आला आहे.

दुसरा हप्ता उघड्या पाकिटातून बुक पोस्टाने पाठवला, त्यामुळे प्रत्येकी एक रुपया वाचून तिकिटांचे ८०० रुपये झाले, पाकिटांचे १२०. ऑर्डर आली एक, तीही माझ्या नणंदेची, आणि ती मला बरे वाटावे म्हणून दिलेली होती याविषयी मला शंका नाही. कमिशन ११३ रुपये ६२ पैसे. आता जमेला ३९८ रुपये २४ पैसे झाले होते, पण ते मिळाले नाहीत, कारण पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात ‘५०० रुपये जमा झाल्याशिवाय रक्कम वितरित केली जाणार नाही’ असे छापलेले होते. कापलेल्या कराचे काय झाले हे पाहण्यासाठी मी माझे फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचे आयकर खात्याचे विवरण, काढून पाहिले, तर तिथे एजन्सीची एकही नोंद नव्हती. त्या वर्षी कमिशनवर कर कापण्याची सक्ती वर्षाला १५,००० रुपयांच्या पुढे होती, माझे चारशेही झाले नव्हते. एकवीस रुपयांचा प्रश्न आहे हे मला कळते. तरीही कर म्हणून कापलेली रक्कम सरकारजमा होत नसेल तर तिला करकपात म्हणत नाहीत. मी दोन पत्रे लिहिली, उत्तर आले नाही.

इथवरचा खर्च ४,४१९ रुपये आणि हातात आलेली रक्कम शून्य. इथे थांबले असते तर हा लेख तक्रारीपुरताच झाला असता. परंतु पाकिटे करण्याचे काम मला मनापासून आवडू लागले होते, आणि दोष टपालाचा आहे की मालाचा की यादीचा हे समजून घेतल्याशिवाय वही बंद करणे जमत नव्हते.

म्हणून एक साधे गणित मांडले. तिकीट पाच रुपये, छपाई सव्वा रुपयाच्या आत, पाकीट साठ पैसे, म्हणजे एका पाकिटाला ६ रुपये ८० पैसे. २९९ च्या पुस्तकावर मिळणार ११९ रुपये ६० पैसे. म्हणजे केवळ खर्च निघायला दर १८ पाकिटांमागे एक ऑर्डर हवी. मला दोन्ही हप्ते मिळून मिळाली होती १५० मागे एक. चाळीस टक्के हा आकडा कितीही घसघशीत वाटला तरी तो या फरकाला पुरत नव्हता. पुस्तिकेत यावर सुचवलेला उपाय असा की एकाच पाकिटात चार-पाच वेगवेगळी पत्रके भरावीत, तिकीट तेवढेच. वजनाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण सत्तर जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा) ए-फोर कागद ४.३७ ग्रॅम भरतो आणि दोन्ही बाजूंनी छापलेले तीन कागद पाकिटासह वीस ग्रॅमच्या आत सहज बसतात. पण पाच जाहिराती असलेले पाकीट हातात घेतल्यावर मी स्वतः काय करते याचा विचार केला आणि तो बेत सोडला.

तिसऱ्या हप्त्याला मालच बदलला. दादरच्या ज्या पुस्तकविक्रेत्याकडून आम्ही वर्षानुवर्षे दिवाळी अंक घेतो, त्यांना विचारले की मी पत्रक छापून पाठवले आणि ऑर्डर आली तर कमिशन द्याल का. ते १२ टक्क्यांना तयार झाले, आणि माझे नाव सांगून आलेल्या प्रत्येक ऑर्डरचा संदेश मला त्याच दिवशी करायचे त्यांनी मान्य केले. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी घरांना ही सवय आहे, तिच्यासाठी नवी गरज निर्माण करावी लागत नाही. अंकांची नावे, किमती आणि प्रत्येकाविषयी एक ओळ असे दोन्ही बाजूंनी भरलेले ए-फोर पत्रक तीन घड्यांत लांब पाकिटात बसवले. यादी केली ती आमच्या वाचक मंडळातील, जुन्या कार्यालयातील आणि नात्यातील अशा १८० जणांची, आणि पत्ता वापरू का असे प्रत्येकाला आधी विचारले. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, १६ ऑक्टोबरला, पाकिटे पिनप्रमाणे गठ्ठे बांधून पोस्टात दिली. काउंटरवरच्या बाईंनी गठ्ठे पाहून ‘असे सगळे आणतील तर काय हवंय’ म्हटले, ते मी वहीच्या समासात लिहून ठेवले आहे.

दिवाळीपर्यंत २३ ऑर्डर आल्या, एकूण विक्री २९,४५० रुपये, आणि तुळशीच्या लग्नानंतर ३,५३४ रुपये कमिशन खात्यात आले. छपाई ६००, तिकिटे ९००, पाकिटे ११०, म्हणजे खर्च १,६१० जाता १,९२४ रुपये उरले. गंमत अशी की इथेही खर्च निघायला साधारण १७ पाकिटांमागे एक ऑर्डर पुरेशी होती, म्हणजे कमिशनचा दर एक तृतीयांशाहूनही कमी असताना लागणारे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. मिळाली मात्र आठांमागे एक. फरक दरात नव्हता, यादीत होता. एक गोष्ट लपवू नये : या २३ पैकी निम्म्याहून अधिक ऑर्डर मी ‘पाकीट मिळाले का’ असा फोन केल्यानंतर आल्या. पत्रकाने बोलण्याला निमित्त दिले, विक्री फोनने केली.

चौथा हप्ता फेब्रुवारीत काढला. भांडुपच्या एका महिला बचत गटाचे पापड, कुरडया आणि मसाले, १५ टक्के कमिशन, जवळपास तीच यादी, १७० पाकिटे. ऑर्डर १४, कमिशन १,३४४, खर्च १,२९० आणि नफा ५४ रुपये. माल उत्तम होता, पण एका ऑर्डरची रक्कम सहा-साडेसहाशेच्या घरात राहिली आणि तेवढ्यात तिकिटाचा भार पेलत नाही. शिवाय अनेकांनी सरळ सांगितले की मसाला आम्ही लालबागला समोर उभे राहून कुटून घेतो. ते मी आधी ओळखायला हवे होते, मीही तसाच घेते.

नऊ महिन्यांचा ताळा असा : एजन्सीच्या संचापायी ४,४१९ रुपये गेले, स्वतःच्या दोन हप्त्यांतून १,९७८ मिळाले, निव्वळ तोटा २,४४१ रुपये. पत्ते लिहिणे, घड्या घालणे आणि पाकिटे बंद करणे यात साधारण शंभर पाकिटांमागे पाच तास जातात, त्याची किंमत यात धरलेली नाही. ज्यांना पत्तेच जमवायचे नाहीत त्यांच्यासाठी टपाल खात्याची ‘डायरेक्ट पोस्ट’ ही बिनपत्त्याची पत्रके वाटण्याची सेवा आहे, पण तिला किमान १,००० पत्रके लागतात आणि माझ्यासारख्या एकटीच्या आवाक्यातील ते काम नाही.

हे काम मी पुढे चालू ठेवणार आहे ते वर्षातून एकदाच, दिवाळी अंकांसाठी. गेल्या वर्षीच्या २३ जणांना आणि त्यांनी सुचवलेल्या आणखी ४० जणांना पाकिटे जातील, बाकीच्यांना फक्त फोन. एजन्सीच्या छापलेल्या ५०० पत्रकांपैकी ३०० शिल्लक आहेत. त्यांची मागची बाजू कोरी असल्यामुळे यंदाच्या यादीचा कच्चा मसुदा मी त्यांच्यावरच लिहिते आहे.