रक्त न घेता परत पाठवणारी लॅब

मी सातारा आगारात कंडक्टर आहे. थायरॉईड कमी काम करतं म्हणून त्याची गोळी २०१६ पासून चालू आहे, ७५ मायक्रोग्रॅमची. या लॅबच्या पायऱ्या आतापर्यंत चारदा चढले आणि रक्त तीनदाच दिलं. पहिल्या खेपेला त्यांनी सुई न लावता मला घरी पाठवलं. हे सगळं लिहायला बसले ते त्या एका खेपेमुळे.

गेल्या पावसाळ्यात माझे केस मूठमूठ गळायला लागले. विंचरलं की फणी भरायची. आगारातल्या एका मैत्रिणीला केसांच्या कॅप्सूलचा गुण आला होता, तिने मलाही सांगितल्या. डबीवर लिहिलेलं, बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. जीवनसत्त्वच आहे, औषध थोडंच, म्हणून डॉक्टरांना सांगायचं मनातही आलं नाही. दोन महिन्यांनी मी घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका कंपनीचं सगळ्या तपासण्यांचं पॅकेज घेतलं. सकाळच्या गोळ्या घेऊ का, असं फोनवर विचारलं तर पलीकडची मुलगी म्हणाली, "पाण्याबरोबर चालतील मॅडम, फक्त काही खाऊ नका." रक्त न्यायला सातला येणारा मुलगा पावणेदहाला आला. तोवर पाचची थायरॉईडची गोळी आणि आठची कॅप्सूल पोटात गेलेली. त्याने नाव विचारलं, वय विचारलं, दंडाला पट्टा बांधला, तीन नळ्या भरल्या आणि गेला. काय घेता, कधी घेतलं, याची एका शब्दाने चौकशी नाही.

रिपोर्टमध्ये टीएसएच ०.०९ आणि फ्री टी४ २.६. टी४ म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, तेच माझ्या गोळीत असतं. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा संदेश, थायरॉईड वाढलं की तो उतरतो. दोन्ही आकडे ठळक छापलेले, टीएसएच फार कमी आणि टी४ जास्त, म्हणजे थायरॉईड वाढलेलं. माझ्या डॉक्टरांनी विचारलं, धडधडतं का, हात थरथरतात का, वजन उतरलंय का. तिन्हीला माझं उत्तर नाही. केस तेवढे गळतात म्हटलं. थायरॉईड वाढलं तरी केस गळतातच, त्यामुळे त्यांनाही ते पटलं. गोळी ७५ वरून २५ वर आणली. समोरच्या कागदाप्रमाणे त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पुढचे दोन महिने मात्र मी विसरणार नाही. मेढ्यावरून महाबळेश्वरची ट्रिप मी वर्षानुवर्षं केलेली. केळघर घाटातल्या वळणांवर एका हाताने दांडा धरून तिकिटं फाडायची सवय अंगात मुरलेली. तिथे मला उभं राहवेना. पाय सुजायचे, चपलेचा पट्टा रुतायचा. महाबळेश्वरला गाडी लागली की मी मागच्या सीटवर आडवी व्हायची, ड्रायव्हर भाऊ हाक मारून उठवायचे. बावीस वर्षांत कधी पैसे कमी आले नव्हते, ते एका आठवड्यात दोनदा आले आणि पदरचे भरले. घरी कुणाला सांगितलं नाही. वय झालं, असं धरून बसले होते.

मग त्या ड्रायव्हर भाऊंच्या बायकोने या लॅबचं नाव सांगितलं. काउंटरवरच्या मुलाने आधी एक छापील कागद पुढे ओढला. "मावशी, थायरॉईडची गोळी आज घेतली का? किती वाजता?" पाचला म्हटलं, त्याने पाच लिहिलं. "कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या? अॅसिडिटीची गोळी? केसांसाठी, नखांसाठी काही?" मी पर्समधून डबी काढून दाखवली. ती घेऊन तो आतल्या मॅडमकडे गेला. मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आज रक्त घेत नाही. ही कॅप्सूल बंद करा आणि तीन दिवसांनी या. येताना थायरॉईडची गोळी न घेता या, सोबत आणा. रक्त दिलं की इथेच घ्या."

मला राग आला. रजा टाकून आले होते. तो चेहऱ्यावर दिसला असणार, कारण त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतःच्या ड्रेसच्या बाहीचं हुक दाखवून समजावलं. तपासणीच्या कितीतरी मशीनमध्ये बायोटिन हे हुक म्हणून वापरतात आणि ते अडकायला दुसऱ्या बाजूला एक पदार्थ काजासारखा असतो. आपल्या रक्तात बाहेरचं बायोटिन भरमसाट असलं की तेच सगळ्या काजांत जाऊन बसतं आणि मशीनच्या हुकांना जागा उरत नाही. हुक-काजाची जोडी जुळली की मशीनला चमक दिसते, नाही जुळली की चमक कमी. टीएसएचच्या तपासणीत कमी चमक म्हणजे टीएसएच कमी. टी३, टी४ ची पद्धत उलटी आहे, तिथे चमक कमी म्हणजे हार्मोन जास्त. म्हणजे एकाच कॅप्सूलने दोन्ही आकडे असे फिरतात की रिपोर्ट हुबेहूब वाढलेल्या थायरॉईडचा दिसतो. शरीराला दिवसाला तीस-चाळीस मायक्रोग्रॅम पुरतं. माझ्या कॅप्सूलमध्ये दहा हजार होतं.

सगळ्याच मशीनना हा त्रास होत नाही आणि काही कंपन्यांनी पद्धत सुधारलीही आहे, असं त्या म्हणाल्या. पण आपलं रक्त कोणत्या मशीनवर जाणार ते आपल्याला कुठे ठाऊक असतं? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नोव्हेंबर २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिनची तपासणी बायोटिनमुळे चुकीची कमी आली आणि एक रुग्ण दगावला, हेही त्यात होतं. हे ऐकल्यावर माझा राग गेला. थायरॉईडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं, असं अमेरिकेतल्या थायरॉईड तज्ज्ञांची संघटना सांगते. मॅडम एक दिवस जास्तच धरतात.

पाचला घेतलेल्या गोळीचाही हिशेब त्यांनी सांगितला. गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत रक्तातलं टी४ तात्पुरतं चढतं. टीएसएच तेवढ्यात हलत नाही, पण टी४ बघायचं असेल तर रक्त आधी, गोळी नंतर. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला यायला सांगतात. शिफ्टच्या माणसाला हे अवघड जातं, तरी आता मी त्या दिवशी दुपारची ड्यूटी मागून घेते.

चौथ्या दिवशी गेले. टीएसएच १४.२, फ्री टी४ ०.७, म्हणजे आता थायरॉईड कमी पडत होतं. म्हणजे माझं थायरॉईड वाढलेलं नव्हतंच आणि गोळी उगाच कमी झाली होती. मॅडमनी रिपोर्टवर हाताने लिहून दिलं, "बायोटिन तीन दिवस बंद." ते वाचून डॉक्टरांनी ७५ पुन्हा चालू केली. ही गोळी शरीरात हळू उतरते, निम्मी व्हायलाच आठवडा लागतो. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून तपासायचं असतं. मी सात आठवड्यांनी गेले, टीएसएच ३.१, म्हणजे ठीक. घाटात आता उभी राहते.

त्या कागदामुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. मी कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीबरोबरच गिळत होते, सकाळी एकदाच सगळ्याचा निकाल. कॅल्शियम आणि लोह थायरॉईडची गोळी आतड्यात अडवून धरतात, मध्ये चार तासांचं अंतर लागतं. आता कॅल्शियम रात्री जेवल्यावर. पहाटे डेपोच्या कॅन्टीनमधला चहा अर्धा-पाऊण तास थांबून घेते. तिसऱ्या वेळचा टीएसएच २.४ आला, डोस तोच असताना. शंभर गोळ्यांची बाटली मी ड्यूटीच्या बॅगेत ठेवायची, भर उन्हात इंजिनाशेजारी. उष्णतेने आणि दमटपणाने या गोळीचा जोर कमी होतो. आता बाटली घरी कपाटात असते आणि मुक्कामी गाडी असली की एक गोळी कागदात गुंडाळून नेते.

टीएसएच, फ्री टी३, फ्री टी४ मिळून माझ्याकडून ६५० रुपये घेतले. रिपोर्ट त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आला. सुई टोचणाऱ्या ताईंचा हात हलका आहे. पाच स्टार दिले असते, एक कापला तो दोन कारणांनी. लॅब पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, गुडघे दुखणाऱ्यांचे हाल होतात. आणि उघडते साडेसातला. पहिल्या गाडीवर जाणारे आम्ही, दूधवाले, नर्स, यांना गोळी तोवर अडवून धरावी लागते आणि नाश्ताही. आठवड्यातून एक दिवस तरी सहाला उघडा, अशी मॅडमना विनंती आहे. आणि तो प्रश्नांचा कागद खाली दारावर मोठ्या अक्षरांत लावला, तर माझ्यासारखीची एक रजा वाचेल.